धुरीचा ऊद

लखनौच्या अलीगंजातल्या समस्त शेजाऱ्यांत सुहासिनीबाईंना कीव यायची ती रमाकांतची. चांगली सरकारी नोकरी, आणि हा बाबा जन्मभर मेलेले किडे निरखत बसलेला! अख्खी कॉलनी त्याला ‘कीड़ेवाले साहब’ म्हणे. नाव बाईंनीच पाडलेलं.

ब्याण्णवच्या जानेवारीत तो आठवडाभर साताऱ्याला निघाला, तेव्हा एक डबी घेऊन दारात उभा.

“वहिनी, घर बंद राहणार, म्हणून तुमच्याकडे ठेवतो. झाडाचा डिंक आहे, कोट्यवधी वर्षांत दगड झालेला. आत एक चिलट अडकलंय. उघडू नका... आणि ऊब लागू देऊ नका.”

“चिलट कोण चोरतंय, भावजी? आमच्या मोरीत हवी तेवढी आहेत. ताजी!”

तो हसला नाही.

त्याची रिक्षा कोपऱ्यावर वळायच्या आत बाईंनी डबी उघडली. मधाच्या रंगाचा, सुपारीएवढा खडा. कडेला चिलट, पाय पोटाशी घेतलेलं. “आणि याचा पगार देतात मेले!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दारापुढचं दिसेना इतकं धुकं. लेक सलोनी बाळंतपणाला आलेली. तिची महिन्याची छकुली नुकतीच न्हाऊन निघाली होती. शेगडीत निखारे फुलले, ओवा पडला, आणि बघतात तर ऊद संपलेला. अशा थंडीत न्हालेल्या पोरीची धुरी चुकवायची? ऊद म्हणजे तरी काय, झाडाचा डिंकच की! बाईंनी खडा अडकित्त्यात धरला. नेमका चिलटाचाच कोपरा तुटला.

“मम्मी, वो अंकल की चीज़ है ना?”

“एका चिलटानं त्यांचं काय राज्य बुडतंय?”

निखाऱ्यावर तुकडा आधी घामेजला. मग वास सुटला... ओल्या पानांचा, चिखलाचा, कुठल्या तरी गोडसर फुलांचा. धूर वर जाईना. गोधडीसारखा तो छकुलीवर उतरला, आणि त्यातून बारीक गुणगुण आली.

“मम्मी... मच्छर? इतनी ठंड में?”

“गप. तिला नीट धर.”

गुणगुण छकुलीच्या तोंडापाशी गेली... आणि थांबली.

बाईंनी नातीला ओढून छातीशी घेतलं. “रड गं... रड माझे बाय...” किती तरी वेळ ती हलेना. मग एकदम टाहो फोडला तिनं. बाईंच्या जिवात जीव आला. “बघ, काही झालं नाही,” म्हणत त्यांनी तिचे डोळे पुसायला पदर लावला.

पदर चिकटला.

आसू गालावर ओघळलंच नव्हतं. डोळ्याच्या कोपऱ्यात मधाच्या रंगाचा थेंब घट्ट होत चालला होता, आणि त्याच्या आत काहीतरी पोटाशी घेतलेले पाय एकेक करून सोडवत होतं.