जुन्या टाकीचं विरजण

भुतं रात्रीच निघतात असं ज्याने सांगितलं, त्याने नंदुरबारची माघातली दुपार पाहिलेली नाही. हसू नका, ऐका. मी मैल्याचा टँकर चालवतो. थापा मारतो, कबूल. पण वासाच्या बाबतीत खोटं बोलत नाही.

गावाबाहेरच्या केंद्रात मैल्यापासून गॅस करणारी नवी बंद टाकी बसली. अशा टाकीला दह्यासारखं विरजण लागतं, म्हणजे जुना, मुरलेला गाळ. टाकी सांभाळणारा भूपेश म्हणाला, "दूर कशाले जास, दादा? जुनी टाकीमाइन आन ना!" केंद्रातल्याच जुन्या मैल्याच्या टाकीतून मी तो आणला. त्या जुन्या टाकीत साफसफाईला उतरलेला वीरसिंग पुन्हा दिसला नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. 'काम सोडून पळाला' असं वर कळवलेलं. त्याची बायको फुलवंताबाई धडगावहून दर बाजाराला येऊन एकच विचारायची: मेला असेल तर त्याचे दिवस घालते, नाहीतर वाट बघते. काय करू?

त्या दुपारीही आली. भूपेशने नुकतंच नवं मशीन चालू केलं होतं. ते गाळावर इतका बारीक आवाज सोडतं की त्यातले जंतू फुटतात आणि गॅस लवकर होतो. माणसाला तो आवाज ऐकू येत नाही. फाटकातली कुत्री मात्र कान पाडून बसली होती. वाऱ्यावर पथारीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका, आणि त्याखाली एक कुबट, गोडसर वास...

फुलवंताबाईने नव्या टाकीला कान लावला. आपल्या पावरी बोलीत हळूच काही बोलली. थांबली. पुन्हा बोलली... आणि लाजली.

"कोनसंगे बोली ऱ्हायनी, बाई?" भूपेशने विचारलं.

"तुमले ऐकू येत नही?... तो आठेच शे, टाकीमा."

भूपेशचा चेहरा उतरला. त्याने मशीन बंद केलं.

"आते बंद करीसन काय फायदा?" ती म्हणाली. "तो जागा व्हई गया."

मग आम्हालाही ऐकू आलं. टाकीच्या तळाशी, ठक्... जरा वर, ठक्... त्याच्याही वर. शिडीवर पाय पडावेत तसं. टाकीला आतून शिडी नाही.

"तो वर चढी ऱ्हायना..." बाई टाकीला तशीच टेकून कुजबुजली. "झाकन उघाड, भाऊ."

भूपेश झाकणाकडे निघालाच होता. मी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

तरी वर झाकणाचा बोल्ट फिरत होता.