एक झाड जास्त

"एक झाड जास्त येतंय," सर फोनवर पुन्हा तेच म्हणाले. "उपग्रहाचं रडार त्या तुकड्यात जेवढं लाकूड दाखवतं, त्याहून तुझं लेझर जास्त दाखवतं. आज जुळव, नाहीतर प्रबंध पुढच्या वर्षी."

तिला ते झाड एव्हाना तोंडपाठ झालं होतं. लॅपटॉपच्या पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी उभं राहिलेलं माळरान, त्यात विखुरलेली काटेरी झाडं, आणि मोकळ्या गवतात एकटंच ते. माणसाहून जेमतेम उंच, दोन फांद्या आडव्या पसरलेल्या. प्रत्यक्षात तिथे नुसतं गवत होतं. ती त्या जागेतून आरपार चालून आली होती. एकदा खात्री करायला, एकदा नुसतीच चिडून.

"मग खोडून टाकते, सर."

"खोडायला कारण लागतं."

"झाड नाहीये, हे कारण."

"ते खोडायच्या कारणांच्या यादीत नाही. पुरावा दे."

तिने फोन ठेवला आणि जीपच्या ड्रायव्हरकडे वळली. सगळा विभाग त्यांना मामा म्हणायचा.

"मामा, खरं सांगा. यंत्र चालू असताना तुम्ही पुढे आला होतात?"

तिपाईवरचं यंत्र सावकाश गोल फिरत चहूकडे लेझर फेकायचं. मापात यायचं नसेल, तर त्याच्या पाठीशी राहून त्याच्याबरोबर गोल फिरायचं, हा नियम.

"तुमच्या यंत्रापायी घाण्याचा बैल झालोय, मॅडम. आणि मी आलो असतो तर पोट दिसलं असतं. तुमचं झाड सडपातळ आहे."

यावरून तिला युक्ती सुचली. मामांनी नेमकं त्या जागी हात पसरून उभं राहायचं. तिथे माणूस मावला म्हणजे झाड नाही. मग मामांना खोडायचं. चुकून आलेली माणसं रोजच खोडतात, त्याला कारण लागत नाही.

"मी सांगेपर्यंत हलायचं नाही हं."

"लवकर उरका. उशीर झाला तर तुमची मामीच मला खोडेल."

यंत्र फिरू लागलं. त्याच्या मागे मागे ती. वारा पडला होता.

अर्ध्या फेरीत तिच्या पाठीमागे वाळलं गवत मोडलं. तिचं पाऊल पडलं की लगेच दुसरं.

"मामा, जागा सोडू नका म्हटलं ना," ती वैतागून म्हणाली.

मागची पावलं येतच राहिली. थांबायची सोय नव्हती, थांबली तर यंत्र तिलाच टिपणार.

यंत्र थांबलं. मागेही थांबलं. तिने वळून पाहिलं. गवत.

पडद्यावरचं झाड गेलं होतं. तिथे मामा होते, टोपीसकट, पोटासकट. जागचे हललेले नव्हते. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, त्यांच्याभोवती रेघ ओढली, खोडलं, आकडे पाठवले.

"जुळलं," सरांचा निरोप आला. "शाब्बास."

"मामा, झालं. हात खाली करा."

मामा हलले नाहीत.

"मामा, पुरे झाली चेष्टा. मामी वाट बघत असेल."

वारा सुटला. गवत लोळलं. मामांची बाही हलली नाही.

एक पक्षी येऊन त्यांच्या हातावर बसला. इकडेतिकडे पाहत खांद्यापर्यंत सरकला, चोचीतली काडी तिथल्या बेचक्यात नीट ठेवली, आणि दुसरी आणायला उडून गेला.