भामाबाईचे खड्डे

झोपा की बे आता. उद्या उन्हाच्या आत युसूफ वडगाव गाठायचं, आन् इथं माझ्या तोंडाकडं बघत बसलात. काय म्हणली शिवकन्या? सगळीकडं नदीतच मुक्काम केला, मंग इथंच शाळेत कावून? ते तुमच्या सरांना विचार. विचारलं? सांगत न्हाईत? न्हाईच सांगणार. बरं, बस. तो लाईट बंद कर आधी, डोळ्यावर येतोय. सर पलीकडच्या खोलीत झोपलेत, हळू बोलायचं. आन् मधी कोणी दात काढले तर मी उठून घरी जाईन, मंग बसा रातभर कुत्री मोजत.

सोळा सालची गोष्ट हाय. तुमी तवा दुसरी-तिसरीत असाल. मांजरा नदी म्हणजे नुसती वाळूची वाट झालती. खालचं धरण तळाला गेलतं, लातूरला रेल्वेनं पाणी जात व्हतं. इथं आमची उपसा सिंचन सोसायटी व्हती, नदीचं पाणी उचलून वरच्या रानाला द्यायची. मी तिची मोटार चालवायला व्हतो. आता नदीतच काय न्हाई तर चालवतो काय? मोटारीच्या खोलीत चिमण्यांनी घरटी केलती. मी त्यांची राखण करायचो.

त्याच साली तुमच्या सरांनी पहिल्यांदा ही नदीफेरी काढली. बिभीषण सर तवा तरणे व्हते, लई खटपट्या माणूस. उगमापासून धरणापर्यंत नदी पायी चालायची, पोरांना नदी पुस्तकात न्हाई, पायाखाली दाखवायची, असा त्यांचा हट्ट. नेम तेच, तुमच्यासारखे. टँकरचं पाणी प्यायचं न्हाई. मुक्कामाला वाळूत झिरा उकरायचा, दोन-तीन हात खाली जे पाझरंल ते वाटीनं भरायचं. आन् दर गावाला नदीची सेवा करायची. कचरा उचलायचा, वाळूचोरांनी पाडलेले खड्डे बुजवायचे. सर म्हणायचे, खड्ड्यातून ऊन आत शिरतं आन् नदीच्या पोटातली ओल मरती. खोटं न्हाई ते. काम चांगलंच व्हतं.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या बंधाऱ्याखाली उतरले. बघतात तर काय, वाळूत खड्डे. रांगच्या रांग. कमरंइतके खोल, एकाला लागून एक, पार वळणापर्यंत. पोरं म्हणली, सर, इथल्या चोरांनी तर कहरच केलाय. सरांचं डोकं तापलं. सुग्रीव म्हणून एक पोरगं व्हतं, अकरावीचं, अंगानं रेड्यावाणी. त्याला घेऊन सर गावात फावडी मागायला आले.

गावात कोण असणार? सगळं गाव टँकरच्या रांगेत. सोसायटीच्या गोदामात एक कारकून डुलक्या घेत बसलता. म्हणला, न्या, पण सकाळी धुऊन आणून द्या. कशाला पायजेत, हे काय त्यानं विचारलं न्हाई. मी त्या दिवशी केजला गेलतो. भामाबाई, जिचं मी पुढं सांगतो, ती परळीला लेकीकडं गेलती. म्हणजे सांगणारं असं गावात कोणी उरलंच न्हवतं.

पोरांनी ऊन कलल्यावर हात घातला आन् दिवस बुडता बुडता सगळे खड्डे बुजवले. सुग्रीव सगळ्यात पुढं. खड्डा भरला की वर चढून उड्या मारायचा, वाळू दाबून बसवायचा. पोरी टाळ्या वाजवत व्हत्या. सरांनी त्याची पाठ थोपटली.

आता ते खड्डे कोणाचे, ते ऐका.

त्याच्या तीन वर्षं आधीचा दुष्काळ. बंधाऱ्यावर आमच्या सोसायटीचा राखणदार व्हता, आश्रुबा. मेंढरं विकून राखणीला लागलेला गडी. दांडगा आन् तापट. बंधाऱ्याच्या पाणी अडवायच्या लोखंडी प्लेटा राखायच्या, एवढंच त्याचं काम. पण तो वाळूपण राखायचा. म्हणायचा, वाळू गेली की माझी राखण कशाची? दगडाची? रातीचे ट्रॅक्टर यायचे, हा आडवा व्हायचा. दोनदा समजावलं ट्रॅक्टरवाल्यांनी त्याला. तिसऱ्यांदा न्हाई समजावलं. खाली उतरले आन् फावड्यांनी मारला. पाणी न्हाई, आडोसा न्हाई, उघड्या नदीत. गावातल्या कुत्र्यांना ऐकू गेलं, माणसांना कसं गेलं न्हाई ते माणसांनाच ठाव.

सकाळी वाळू काळी झालती. दात पडलेले व्हते, एक मोडका दांडा व्हता. माणूस न्हाई. कोणी म्हणलं, ट्रॉलीत घालून वर वाळू भरून नेला. कोणी म्हणलं, तिथंच पुरला. पोलीस दोन दिवस उकरून गेले.

भामाबाई त्याची बायको. तिनं दिवस घातले न्हाईत. म्हणली, मढं दाखवा, मंग रडते. खोरं घेतलं आन् नदीत उतरली. दर आठवड्याला एक खड्डा, कमरंइतका. काय लागलं न्हाई की तो तसाच उघडा ठेवायचा, त्याच्या शेजारी दुसरा. त्या तीन सालात नदीला पूर असा आलाच न्हाई. मी म्हणलो, भामाबाई, बुजवत तरी जा, जनावर पडंल. तर म्हणली, "भाऊजी, झाकून ठेवलेला माणूस हाय तो. आणखी कशाला झाकू?" गाव त्या खड्ड्यांना पाय लावत न्हवतं. ट्रॅक्टरवालेसुदिक त्या अंगाला यायचे बंद झालते.

आन् ह्या लेकरांनी, नदीची सेवा म्हणून, ते सगळे एका दुपारात बुजवले. करायला गेलं काय आन् झालं काय. वरून उड्या मारून दाबले.

रात झाली. जेवणं झाली. पोरं वाळूतच आडवी झाली. दशमीचा चांद व्हता, चांगला उजेड. फावडी सरांनी मोजून एका जागी, दगडाला टेकवून ठेवलेली. मधी कधीतरी सरांना जाग आली. चांद मावळतीला गेलता.

खस्स... खस्स...

वाळूत फावडं घालतंय कोणीतरी.

सरांना वाटलं, वाळूवाले. उठले. बॅटरी मारली. ट्रॅक्टर न्हाई. माणूस न्हाई. आवाज बंद. बॅटरी दगडाकडं फिरवली... फावडी तिथं न्हवती. बुजवलेल्या खड्ड्यांवर एकेक उभं व्हतं. पातं वाळूत, दांडा वर. काहीच हलत न्हवतं.

सरांनी पोरं मोजली. एक कमी.

सुग्रीव लांब व्हता, वळणाच्या बाजूला. गुडघ्यावर बसलेला. हात पाठीमागं. बांधलेले न्हवते, पण बांधल्यासारखे. सरांनी हाक मारली. त्यानं मान वर केली, आन् म्हणला,

"सर, ह्यांना सांगा ना."

"कोणाला?"

पोरगं काय बोलायच्या आत... टाळकं फुटल्याचा आवाज आला. फावडं डोक्यात बसल्यावर येतो तसा. मारणारं कोणी न्हाई. पोरगं आडवं झालं. डोक्यातून रगत उडालं, सरांच्या सदऱ्यापर्यंत आलं. दुसरा फटका खांद्यावर... तिसरा तोंडावर. बॅटरीच्या उजेडात त्याचं तोंड एका बाजूला फिरायचं, फुटायचं, आन् हवेत काहीच न्हाई. फटके मारणारा दमत व्हता. दमल्याचा श्वास ऐकू येत व्हता.

सर अंगावर पडले त्याच्या. मधी हात घातला.

तुमच्या सरांचा डावा हात सरळ होत न्हाई, बघितलंय ना तुमी? फळ्यावर लिहिताना? कोपराच्या खालचं हाड कातडी फोडून बाहेर आलतं त्या रातीला. मला दवाखान्यात त्यांनी स्वतः सांगितलं हे सगळं. मी सांगतोय त्यातलं एक अक्षर माझं न्हाई.

... पाणी देऊ का कोणाला? न्हाई? मंग पुढं ऐका.

फटके थांबले. सरांना वाटलं, सुटलो. तेवढ्यात सुग्रीवचे पाय वाळूत गेले. पाणी जिरावं तसे. घोटा... गुडघा... खालून ओढ व्हती. पोरं सगळी जागी झालती, रडत धावत आली. त्याचे हात धरले. मांड्या गेल्या. कंबर गेली. सर एका हातानं वाळू उपसत व्हते, पोरं दोन्ही हातांनी, पोरींची नखं निघाली. जेवढी काढायची तेवढी परत येत व्हती. ती दुपारी दाबून बसवलेली वाळू. छाती गेली. पोरगं शुद्धीवर व्हतं. म्हणत व्हतं, "आई, दाबतोय... लई दाबतोय."

मंग बोलायचं बंद झालं. तोंडात वाळू आली.

तेवढ्यात काठावरून कंदील खाली आला. भामाबाई. परळीहून शेवटच्या गाडीनं निघाली, गाडी वाटंत बंद पडली, म्हणून आडरातीला फाट्यावरून चालत आलती. घरी न जाता आधी नदीत आली, तिचा नेमच व्हता तसा. सपाट वाळू बघून ती जागीच थांबली.

"कोणी बुजवले?"

सर म्हणले, "आम्ही. बाई, आम्हाला माहीत नव्हतं."

तिनं सरांना एक शिवी दिली. ती मी पोरींपुढं सांगत न्हाई. मंग कंदील खाली ठेवला, गुडघ्यावर आली, आन् वाळूला कान लावला. पोरांनी सुग्रीवचे हात धरून ठेवलते. हनुवटीपर्यंत गेलता तो.

"अवं," ती वाळूला म्हणली. "मी हाय."

कायच न्हाई.

"लेकरू हाय ते. सोडा."

वाळू ओठांवर आली.

तिनं दोन्ही हातांनी वाळू बडवली. "त्यानं न्हाई मारलं तुमाला. ज्यांनी मारलं ते गावात बंगले बांधून बसलेत. त्यांच्यापुढं तुमचं काय चालंना व्हय? आन् लेकरावर जोर दाखवता?"

नाकपुड्या गेल्या. एक पोरगी किंचाळली.

भामाबाई वाकली. पार तोंड टेकवलं वाळूला. हळू बोलली, पण सरांना ऐकू गेलं.

"मला घावला न्हाईत तुमी. माझे हात संपले. आता तुमीच या. घरी या... दार उघडं ठेवते."

...

...

ओढ सुटली.

एकदम. पोरं मागच्या मागं पडली. वाळू भुसभुशीत झाली, आन् सुग्रीव कोथिंबिरीची जुडी उपटावी तसा वर आला. सरांनी तोंडात बोटं घालून वाळू काढली. पोरगं श्वास घेईना. परत काढली. उलथं करून पाठीत मारलं. तवा कुठं खोकला आला.

अंबाजोगाईला नेलं दोघांना. सुग्रीवचं डोकं शिवलं, खांदा बांधला, जबडा तारेनं आवळला. जगला पोरगा. आता औरंगाबादला कुठंतरी कामाला हाय, लेकरंबाळं हायत. नदीचं नाव घेत न्हाई म्हणतात. नशीब म्हणायचं, बाईची गाडी त्या दिवशी चुकली न्हाई.

भामाबाईचं विचारता ना? ती त्या रातीला उठली आन् एकटीच घरी गेली. सर म्हणले, बाई, आमच्याबरोबर थांबा, सकाळ होऊ द्या. तर म्हणली, "न्हाई बाबा. मी पाव्हणा बोलावलाय."

मी उन्हं चढल्यावर गावात पोहोचलो. पोलीस नदीत उकरत व्हते, पार खडकाला लागले. हाड न्हाई, चिंधी न्हाई, कायच न्हाई. मी तिथनं भामाबाईच्या घरी गेलो. ती बाहेर ओट्यावर बसलेली. दार सताड उघडं. म्हणलं, भामाबाई, चहा-पाणी काय घेतलं का? तिनं नुसतं आत बोट केलं.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. सारवलेल्या जमिनीवर पावलं व्हती. माणसाची, अनवाणी, मोठी. ओल्या वाळूची. ज्या साली चार कोसात वर कुठं ओली वाळू न्हवती, त्या सालची गोष्ट करतोय मी. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत गेलती. चुलीपुढं दोन पावलं शेजारी शेजारी, बसल्यासारखी. मागं फिरलेलं एक न्हाई. दुसरं दार न्हाई त्या घराला. खिडकी न्हाई.

तवापासून बाईनं नदीत खोरं घातलं न्हाई. स्वयंपाक आत करती, दोन माणसांचा. झोपती मात्र ओट्यावर, थंडी असो का पाऊस असो. लेकीनं किती ओढलं परळीला, जात न्हाई. म्हणती, मी बोलावलंय, मी कशी जाऊ? आन् जमीन सारवती ती त्या पावलांच्या कडेकडेनं. वरून हात फिरवत न्हाई.

मागच्या आठवड्यात गेलतो मी, तुमचे सर येणार म्हणून सांगायला. ती चुलीवर भाकरी थापत व्हती, तिची पाठ व्हती माझ्याकडं. कोपऱ्यात अंधार व्हता. मी तिकडं बघितलं न्हाई. खाली वाकलो आन् उंबऱ्याजवळच्या पावलाला बोट लावून बघितलं.

ओलं व्हतं.