पुठ्ठ्याची डॉक्टरीण

दुकानाची किल्ली कुलपातच मोडली नसती, तर चष्मेवालीची समोरच्या किल्लीवाल्याशी ओळख व्हायला आणखी वर्ष गेलं असतं. त्यानं चिमट्यानं तुकडा अलगद काढला, नवी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, बोटं जरा जास्तच रेंगाळली... आणि त्या दिवसापासून चष्मेवाली दुकानाची पुढची काच दिवसातून चारदा पुसू लागली.

पण त्या काचेतून दिसायचं काय? तर किल्लीवाला मोबाइलवर काहीतरी लिहितोय — आणि गालातल्या गालात हसतोय! महिनाभर हेच. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका दुपारी तिनं विचारलंच. "एवढं कोण हसवतं हो तुम्हाला?"

"परदेशातली एक डॉक्टर आहे. रोज मेसेज करते," म्हणत त्यानं फोटोही दाखवला.

डॉक्टरीण अगदी दृष्ट लागण्यासारखी होती. "छान आहे," चष्मेवाली म्हणाली, पण दात आवळून. त्या दुपारी एका आजोबांच्या चष्म्यात तिनं डावी काच उजवीकडे बसवली.

संध्याकाळी आवरताना काचेशेजारच्या पुठ्ठ्याच्या बाईकडे तिचं लक्ष गेलं. फ्रेमच्या कंपनीनं जाहिरातीसाठी पाठवलेली ती बाई. तेच डोळे, हनुवटीवर तोच तीळ! रोज जिच्यावरची धूळ झटकायची, तीच मत्सराच्या भरात ओळखू आली नव्हती. डॉक्टरीण कसली, कुणीतरी भामटा हा फोटो लावून त्याला गळाला लावत होता. चष्मेवालीला आधी आनंद झाला — भरपूर झाला — आणि मग लख्खकन ध्यानात आलं. हा वेडा लुटला जाणार! बाईला काखोटीला मारून ती तडक रस्ता ओलांडून गेली.

"ही घ्या तुमची डॉक्टरीण!"

तो हसतच सुटला. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुमच्या काचेतून रोज दिसते की."

"मग?"

"याच फोटोनं माझ्या काकांना गंडवलं. म्हटलं, हा भामटा जितका वेळ माझ्याशी बोलेल, तितका वेळ आणखी कुणाचे तरी काका वाचतील. आज पैसे पाठवतो, उद्या पाठवतो... नुसता झुलवतोय त्याला."

"आणि गोड गोड लिहिता ते? दाखवा बघू!"

तो कानापर्यंत लाल झाला. तिनं फोन हिसकावलाच.

'तू अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचतेस आणि मग सगळं दुकान धुंडाळतेस, तेव्हा इथूनच हाक मारावीशी वाटते...'

'लहान मुलांना पहिला चष्मा लावण्याआधी तू तो स्वतः लावून वेडावून दाखवतेस. मला पण दाखव ना...'

तिचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला. स्क्रूड्रायव्हर तिथंच होता.

"खोटं काही सुचेना," तो पुटपुटला. "म्हणून मग... खरंच लिहीत गेलो."

तिनं विरघळायला हवं होतं. पण जळफळाट इतक्या सहजी थोडाच जातो! "महिनाभर? हे सगळं त्या भामट्याला आधी कळलं... आणि मला?"

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरणीचा मेसेज होता.

'दादा, हात जोडतो. तुमचे पैसे नकोत. पण त्या स्क्रूड्रायव्हरवालीला एकदाचं सांगून टाका!'

चष्मेवालीनं फोन पालथा ठेवला आणि समोरच्या स्टुलावर ऐसपैस बसली.

"त्याला आता काही कळवायचं नाही," ती म्हणाली. "मला सांग. पहिल्यापासून."