चिठ्ठीची दुसरी बाजू

रविवारी सकाळी कवळ्या पाच लिटरचा कॅन घेऊन पंपावर पेट्रोल आणायला गेला, तेव्हा त्याच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, माणूस आधीच घाबरलेला असेल, त्याला भास झाले असतील. छे! घाबरायला आत काहीतरी जागं असावं लागतं.

"गाडी बंद पडली का?" पंपावरच्या माणसानं विचारलं.

"चार वर्षांपूर्वी," कवळ्या म्हणाला आणि कॅनचं झाकण लावून चालू लागला.

कवळ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि कॅप बनवून देणं हा त्याचा धंदा. दिवसभर लोकांचे दात हातात, म्हणून थोरल्या भावानं, दादानं, हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की गल्लीतले टपालवालेही त्याच नावानं हाक मारायचे. हात मात्र असा सफाईचा, की केसाएवढा फरकही बोटाला कळायचा. आणि तोच हात दादाला गाडीसाठी हवा होता.

गाडी दादाची. जपानहून आणवलेली, वापरलेली, पांढरी, दोन दारांची. दिसायला साधी, पण टर्बो इंजिन असं की पाय नुसता टेकवला तरी पाठ सीटला चिकटायची. काचेवर कुणालाच न वाचता येणारे स्टिकर होते आणि रेडिओला इथलं एकही स्टेशन लागत नव्हतं, नुसती खरखर. दादा तिच्याभोवती इतका घुटमळायचा की वहिनी म्हणायच्या, "लग्नात माझ्याकडे एकदा तरी असं बघितलं असतंत!"

मग सहा वर्षं, दर रविवारी, दोघं भाऊ गॅरेजात. मोठा टर्बो आला, कडक स्प्रिंगा आल्या, कान फाडणारा सायलेन्सर आला. घाई नाही, एका वेळी एकच वस्तू. आणि दादाचा एक नियम होता. काढलेलं काहीही टाकायचं नाही. जुना भाग पुसायचा, त्याला दोऱ्यानं जाड कागदाची चिठ्ठी बांधायची आणि मांडणीवर ठेवायचा. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला वस्तूचं नाव, "काढलं", तारीख, मीटरचा आकडा आणि कारण. कारण दादा नेहमी एकच लिहायचा: "तात्पुरतं." मागच्या बाजूला नुसतं "बसवलं" असं लिहून पुढची जागा कोरी सोडायची.

"एक दिवस हिला होती तशी करायचीय, कवळ्या. त्या दिवशी मागची बाजू भरू," निलगिरीची गोळी चघळत दादा म्हणायचा. दिवसभर त्याच्या तोंडात ती गोळी असायची. अख्ख्या गॅरेजाला तोच वास.

त्या जुन्या जपानी गाड्यांना एक घंटी असायची. काटा शंभरच्या जरा पुढे गेला की किण... किण... किण... वेग उतरेपर्यंत थांबायची नाही. दादाला तिचं काही वाटायचं नाही. "वाजू दे रे. कुणीतरी ओरडणारं हवंच." पण कवळ्याचं डोकं उठायचं. एका शनिवारी दादा चहा प्यायला वर गेला असताना त्यानं डॅशबोर्डखाली हात घातला, दोन वायरी सोडवल्या आणि काडेपेटीएवढी ती घंटी काढून पत्र्याच्या डबीत टाकली. चिठ्ठीही त्यानं स्वतःच लिहिली. मांडणीवरच्या शेकडो चिठ्ठ्यांत त्याच्या अक्षरातली ती एकटीच. काढलं, मीटर ८८,३९३. कारण: "कटकट."

दादाला सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दादा एकटाच गाडी घेऊन गेला. घरापासून एकोणीस किलोमीटरवर हमरस्त्याला एक वळण आहे, तिथं गाडी सुटली. मीटर थांबला ८८,४१२ वर. लोक म्हणाले, वेग फार होता, त्याला कळलाच नसेल. कळलाच नसेल... कवळ्यानं ऐकून घेतलं. त्याला रडू आलं नाही. धीराचा आहे हो, असं सगळे म्हणाले. धीर कसला! दात काढण्याआधी हिरडीत सुई टोचतात, तसा तो आतून बधिर झाला होता, आणि चार वर्षांत तो बधिरपणा उतरायचं नाव घेत नव्हता. जेवणाला चव नव्हती. चहा पोळला तरी जीभ फोडानंच सांगायची.

वहिनींनी एकच मागितलं. "भाऊजी, भंगारात नका घालू. आली तेव्हा होती तशी करा. पोर म्हणते, मोठी झाल्यावर हीच चालवणार."

मग कवळ्या लागला कामाला. पत्रा सरळ करायला एक म्हातारा डेंटर यायचा, बाकी सगळं त्याचं एकट्याचं. दर रविवारी मांडणीवरून एक जुना भाग उतरवायचा, गाडीला परत बसवायचा, आणि चिठ्ठीची मागची बाजू भरायची.

पहिल्यांदा ते स्प्रिंगांच्या वेळी झालं. स्प्रिंगा बसवून त्यानं चिठ्ठी उलटली, पेन उघडलं, आणि बघतो तर मागची बाजू भरलेली. बसवलं, त्याच दिवसाची तारीख, ८८,४१२. आकड्याखाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं, दादा मारायचा तशी. शाई बोटाला लागली, इतकी ओली. आणि निलगिरीचा वास.

तुम्हीआम्ही असतो तर दार मोडून पळालो असतो. कवळ्या म्हणाला, "असेल," आणि चिठ्ठी खिळ्याला अडकवून हात धुवायला गेला. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. साडेतीन वर्षं त्यानं पेन उघडायचंच सोडून दिलं होतं.

फक्त डबी तेवढी राहिली. ती त्यानं उघडली नाही. घंटी बसवायची म्हणजे ती कधी निघाली होती आणि कुणी काढली होती, तेही सांगावं लागणार.

तर त्या रविवारी तो पेट्रोल घेऊन आला, टाकीत ओतलं, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, मऊ आवाजात, बंदरावरून आली तशी. दहाच्या सुमाराला पुतणी आणि वहिनी आल्या. पुतणीला अठरावं संपलं होतं, परवाना नवाकोरा. तिनं गाडीभोवती फिरून दारावरून हात फिरवला.

"काका, सगळं बसवलंत ना? एकूण एक?"

मांडणी रिकामी होती. कोपऱ्यात तेवढी डबी.

"...हो," कवळ्या म्हणाला.

"मला ते वळण बघायचंय, भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "ह्याच गाडीतून. बघून लगेच परत येतो."

तेव्हा सांगायला हवं होतं. थांबा गं, दहा मिनिटं द्या, दोन वायरी जोडायच्यात. पण तोंडाला कुलूप लागलं ते लागलं. पुतणी चालवायला बसली आणि गाडी गल्लीच्या टोकाला वळली. तो आत आला, स्टुलावर बसला. बाहेर लख्ख ऊन होतं, कुठंतरी कुणीतरी गालिचा झटकत होतं. बऱ्याच वेळानं त्यानं डबी उचलली आणि उघडली.

घंटी होती तशी होती, दोन वायरी लोंबत. वर त्याची चिठ्ठी. कारण: कटकट. त्यानं ती उलटली.

बसवलं. आजची तारीख. ८८,४३१.

चुकलं, त्याला वाटलं. गाडी निघाली तेव्हा मीटर ८८,४१२ होता. पण दादा आकड्यात कधी चुकत नसे. कवळ्यानं वजाबाकी केली. एकोणीस.

बधिरपणा उतरायला लागला की आधी मुंग्या येतात. त्या बोटांना आल्या, मग ओठांना. मग काळजात असं चर्र झालं की तो उठून उभा राहिला. त्यानं पुतणीला फोन लावला. उचलला नाही. वहिनींना लावला. वाजून वाजून बंद झाला. घड्याळात त्यांना निघून वीस मिनिटं होत आली होती.

"वहिनी, उचला हो... उचला..."

आणि तळहातावर काहीतरी थरथरलं.

किण.

वायरींची टोकं मोकळी होती. त्याला दिसत होती.

किण... किण... किण...

"हळू!" तो ओरडला. रिकाम्या गॅरेजात, भर उजेडात, वेड्यासारखा. "हळू घे गं! पाय काढ!... अगं पाय काढ!" निलगिरीचा वास इतका दाटला की डोळ्यांतून पाणी आलं. घंटी वाजत होती. मग एकदम थांबली.

का थांबली? वेग उतरला म्हणून, की गाडीच... तो खाली बसला. गालिचा झटकण्याचा आवाजही आता येत नव्हता.

फोन वाजला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "आम्ही ठीक आहोत. वळणाच्या पलीकडे ट्रक आडवा पडलाय, अख्खा रस्ता अडवून. दिसतच नव्हता. हिला वेग कळलाच नाही हो... ती घंटी वाजली म्हणून हिनं पाय काढला. किती जोरात वाजते! मी तर विसरूनच गेले होते."

कवळ्याला हुंदका आला. चार वर्षांनी, पहिला. "सावकाश या," एवढंच त्याला म्हणता आलं.

त्या आल्या. पुतणीनं उतरल्या उतरल्या त्याला मिठी मारली. त्यानं तिला बाजूला केलं, आणि पुन्हा कुलूप लागायच्या आत डबी वहिनींच्या हातात ठेवली.

"ही घंटी. आज गाडीत नव्हती. आणि दादा गेला त्या दिवशीही नव्हती. मी काढली होती. त्याला न सांगता."

वहिनींनी त्या दोन मोकळ्या वायरी बोटांवर घेऊन बघितल्या.

"मग भाऊजी," त्या कुजबुजल्या, "आज आमच्यापुढं वाजलं ते काय?"

घंटीची चिठ्ठी खिळ्याला अडकवावी म्हणून तो मांडणीकडे गेला. मांडणी रिकामी होती, पण मधल्या फळीच्या खिळ्याला एक चिठ्ठी लोंबत होती. सकाळी ती तिथं नव्हती. वारा नसताना हलत होती. दोऱ्याच्या टोकाला कुठलीच वस्तू नव्हती.

अक्षर दादाचं. वस्तूचं नाव: कवळ्या. काढलं: त्या अपघाताची तारीख, ८८,४१२. कारण: तात्पुरतं.

त्यानं ती उलटली. बसवलं. तारीख नव्हती, नुसता आकडा, खाली रेघ आणि दोन टिंबं. ८८,४६९.

"काका!" पुतणी गाडीजवळून ओरडली. "पुढच्या रविवारी परत जाऊ या ना, तिथंच. या वेळी तुम्ही शेजारी बसायचं हं, मला शिकवायला!"

तो गाडीपाशी गेला आणि वाकून मीटर बघितला. ८८,४५०. त्यात एकोणीस मिळवायला त्याला बोटं मोजावी लागली नाहीत. हातापायांना मुंग्या येत होत्या, आणि तोंडात, चार वर्षांनी पहिल्यांदाच, कसलीतरी चव आली होती. त्यानं जीभ फिरवून बघितली. निलगिरीची.

"येईन," कवळ्या म्हणाला.