जुना डायनॅमो, नवी वायर

धुकं इतकं दाट होतं की ती गाडी आधी ऐकू आली, मग दिसली. आमच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानासमोर येऊन तिनं एक उसासा टाकला आणि थांबली. बॉनेटच्या फटीतून धूर निघत होता – धुक्याहून जरा निळसर. मी हातातल्या पान्यासकट धावले, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायर सोडवली.

"आग लागली का?" उतरलेल्या माणसानं विचारलं. इतक्या शांतपणे, जणू किती वाजले विचारतोय.

"लागणारच होती. दोन मिनिटं उशीर झाला असता तर…"

"मी उशीर करत नाही," तो म्हणाला. "घड्याळं दुरुस्त करतो."

हसू लपवायला मी मान खाली घातली. त्याच्या पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब साठले होते. जळालेली वायर समोर असताना मला नेमकं तेच का दिसावं, कोण जाणे.

गाडी त्याच्या आत्याची होती. आत्यानंच त्याला वाढवलेलं. पस्तीस वर्षं तिनं ती जपून चालवली, आणि आता गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. तीन आठवड्यांनी तिला याच गाडीतून घरी आणायचं, त्याआधी गाडी पहिल्यासारखी करायची, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो एक खोकं घेऊन आला. आत भंगारबाजारातून शोधून आणलेली, याच मॉडेलची वायरिंग.

"सगळं ओरिजिनल हवं मला," तो म्हणाला.

मी एक वायर वाकवली. तिच्यावरचं रबर वाळक्या पानासारखं चुरून माझ्या तळहातावर पडलं.

"हिचं वयही तेवढंच. ही बसवली की कालचा धूर पुन्हा निघेल. आणि तेव्हा आत आत्या असतील."

"पण ती मूळची आहे."

"घड्याळाची स्प्रिंग तुटली तर तुम्ही काय करता?"

"त्याच बनावटीची शोधतो. महिना लागला तरी."

"आणि मिळाली ती गंजकी निघाली तर?"

त्यानं खोकं उचललं, आणि दारात थांबून म्हणाला, "तुम्ही नाही बसवलीत, तर कोणीतरी बसवेलच."

"बसवू दे. माझ्या हातून होणार नाही."

गाडी आमच्याकडेच राहिली, तो मात्र चार दिवस फिरकला नाही. गिऱ्हाईक गेलं तर गेलं, असं मी स्वतःला बजावत होते… आणि बाहेर पाऊल वाजलं की कान टवकारत होते. बाबांचे हात आताशा थरथरतात, त्यामुळे ते काउंटरमागे बसून नुसतं बघतात. पण बघतात सगळं.

"रस्त्याकडे बघून बघून मान अवघडेल, पोरी," ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

पाचव्या दिवशी तो आला. हात रिकामे, चेहऱ्यावर ओशाळं हसू.

"आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'अरे, मला धातूचा गुडघा बसवलाय. मीच आता ओरिजिनल राहिले नाही, मग मलाही घरी नेणार नाहीस का?'"

बाबा मोठ्यानं हसले. मीही.

"नवी वायर घाला," तो म्हणाला. "फक्त डायनॅमो तेवढा…"

गाडीची वीज बनवणारा जुना डायनॅमो काढून त्याच्या जागी नव्या धर्तीचा अल्टरनेटर बसवायचं मी पक्कं केलं होतं. दिवे लख्ख लागतात, कटकट राहत नाही.

"गाडी थांबली की त्याचा लाल दिवा मिणमिणतो," तो हळू आवाजात म्हणाला. "आत्या मला शाळेत सोडायची, मी रडायचो. तेव्हा ती त्या दिव्याकडे बोट दाखवायची. म्हणायची, बघ, हिलासुद्धा तुला सोडून जावंसं वाटत नाही."

अल्टरनेटर मंद इंजिनावरही पुरेशी वीज देतो; तो बसवला असता तर तो दिवा तसा मिणमिणला नसता.

"राहील डायनॅमो," मी म्हणाले. "आतली तार मी नव्यानं गुंडाळते."

मग दुपारी हलक्या, सोनेरी झाल्या. खिडकीशी बसून मी तांब्याची तार वेढ्यावर वेढे घालत राही आणि समोर तो नव्या वायरींवर काळी कापडी पट्टी गुंडाळी, म्हणजे त्या जुन्यांसारख्या दिसतील. त्याची बोटं घड्याळात वावरणारी… पट्टीवर एक सुरकुती नसे. एकदा दोघांनी एकच टोक धरलं. कोणीच सोडलं नाही.

"गाडीला वेळ लागतोय, की तुम्ही लावताय?" बाबांनी विचारलं.

टोक दोघांच्याही हातून सुटलं.

ठरल्या दिवशी आत्या काठी टेकत दवाखान्याच्या दारातून बाहेर आली. मी पान्यांची पिशवी घेऊन मागच्या सीटवर – वाटेत काही झालं तर, म्हणून. पहिल्या चौकात गाडी थांबली, तांबडा ठिपका मिणमिणला. आत्यानं भाच्याच्या मनगटावर हात ठेवला. बराच वेळ. मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर काहीच नीट दिसत नव्हतं.

आत्याला घरात बसवून तो मला सोडायला फाटकापर्यंत आला.

"काम संपलं," तो म्हणाला.

"संपलं."

"गाडीत आता काही बिघडणार नाही?"

"बरीच वर्षं नाही. मी केलंय ते."

"हीच तर पंचाईत आहे." तो फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिला. "काही बिघडलं नसताना… नुसता तुम्हाला बघायला आलो तर? रोज?"

"सकाळी या, दुकान नऊला उघडतं," असं म्हणायचं मी ठरवलं होतं. पण वाक्य अर्ध्यातच निसटलं.

"ये," मी म्हणाले.

पहिल्यांदाच. त्यालाही ते ऐकू आलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि फाटकावरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवून, नवा शब्द जपून उच्चारावा तसा म्हणाला, "तू म्हणशील तेव्हा."