मनगटावरचे तीन रंग

कोथरूडच्या दवाखान्यात डॉ. चैताली गजभिये पंधरा वर्षं कातडीचे रंग वाचत होत्या. ॲलर्जी ताजी असली की लाल, मुरली की तपकिरी. टिकलीच्या गोंदाने किंवा रबराने कातडीचा रंगच मारला, तर पांढरा डाग. आणि आकारावरून गुन्हेगार सापडतो. बहुतेकदा तो चपलेचा पट्टा निघे.

धायरीहून आलेल्या जयाच्या डाव्या मनगटावर हे तिन्ही रंग होते. कडा सुजेने पुसट झाल्या होत्या. पण चार बोटं आणि अंगठा कळत होता.

"बांगडीनं झालं असंल," तिचा नवरा सुदर्शन म्हणाला. प्रश्न त्याला विचारलाच नव्हता.

डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं.

"कोण धरतं हात? हे?"

"छे हो, मॅडम."

"मग घरात आणखी कोण आहे?"

"आमी दोघंच हाय," जया दाराकडे बघत म्हणाली.

डॉक्टरांना ते पटलं नाही. त्यांनी सूज उतरायचं मलम लावलं, मनगटाला बँडेज बांधलं आणि चिकटपट्टीच्या कडांवर पेनाने आडव्या सह्या केल्या. कुणी सोडलं तर सही जुळणार नव्हती.

"शनिवारी हे मीच काढणार," त्यांनी सुदर्शनला बजावलं.

शनिवारी सगळ्या सह्या जुळल्या.

बँडेजखाली सूज नव्हती. लाली मात्र ताजी होती, फार तर कालची.

"तुमचा हात ठेवा इथे," डॉक्टर सुदर्शनला म्हणाल्या. त्याने ठेवला. त्याच्या एका तळव्याखाली तो अख्खा ठसा झाकला गेला.

डॉक्टरांनी भिंग घेतलं. पांढरा ठसा सगळ्यात आत, रंग पुरता मेलेला, म्हणजे सगळ्यात जुना. त्याची बोटं काडेपेटीतल्या काडीएवढी. त्याच्याबाहेर तपकिरी, जरा मोठा. लाल सगळ्यात मोठा.

त्यांनी फूटपट्टीने मोजलं. पुन्हा मोजलं.

हात वाढत होता.

"कधीपासून आहे हे?"

"सहा वर्षं झाली," जया म्हणाली. "बाळ गेलं तवापासनं."

"दुखतं?"

"नाही. रस्ता ओलांडताना तेवढं आवळतं."

सुदर्शन खाली बघत होता.

ते गेल्यावर डॉक्टर खिडकीशी आल्या. सिग्नल पडला तशी दोघं निघाली. मध्ये एकाची जागा सोडून. सुदर्शनने गाड्यांना हात दाखवला. जया हळू चालत होती, लहान लहान पावलं टाकत.